फाटेल तोच कागद बरा

कागदावर ठेवून कापड शिवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, त्यातल्या त्यात चांगला कागद कोणता? आणि चांगला म्हणजे पांढरा, कडक, गुळगुळीत, हाताला जड, असा अर्थ आपण शाळेच्या वह्यांपासून धरून चाललेलो असतो. या कामात तो अर्थ उलटा करून घ्यावा लागतो. इथे कागदाची नोकरी काही तासांची असते. शिवण पूर्ण झाली की तो टाक्यांवरून फाडून काढायचा आणि केराच्या टोपलीत टाकायचा. शिवताना तो टिकला नाही तर काम बिघडतं हे खरं, पण प्रत्यक्षात बहुतेकींचं काम बिघडतं ते दुसऱ्या टोकाला, कागद निघता निघत नाही तेव्हा. बालाघाटजवळच्या भरवेलीसारख्या खाणीच्या गावात हे समजावणं सोपं जावं. मॅंगनीजच्या भुयारात लावलेला आधार तिथेच राहावा म्हणून लावतात, आणि घराच्या स्लॅबखालचं सेंटरिंग मात्र काढायचंच म्हणून लावतात. दोन्ही आधारच, पण सेंटरिंगची पारख ते किती सहज निघतं यावर होते. गोधडीखालचा कागद हा सेंटरिंगच्या जातीचा आहे, आणि तो निवडताना आधी त्याचं फाटणं पाहावं, जाडी, रंग, किंमत हे सगळं त्यानंतर, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

मुळात कागद लागतो कशाला? आपली गोधडी, कथरी, वाकळ, जे काही म्हणत असाल ते, पिढ्यान्‌पिढ्या कागदाशिवाय होत आली. जुनी लुगडी आणि धोतरं थरावर थर पसरायची, चारी बाजूंनी टाचायची आणि हाताने धावदोरा घालत आत जायचं, यात कागदाला जागाच नाही. कागद येतो तो तुकडे मशीनवर जोडायला घेतले की. शिंप्याकडच्या कातरणाच्या पट्ट्या एकसारख्या नसतात. कुठली उभ्या धाग्याने कापलेली, कुठली आडव्या, आणि बरीचशी उरेब. उरेब पट्टी ओढली की रबरासारखी लांबते. अशा नऊ-दहा पट्ट्या एकमेकींना जोडत गेलात तर चौकोनाचा पतंग होतो, आणि असे पन्नास पतंग एकमेकांशेजारी बसत नाहीत. कागदावर चौकोन आखून पट्ट्या त्याच्यावर ठेवून कागदासकट शिवलं, तर कापडाला ताणायला वावच राहत नाही, कारण कागद ताणला जात नाही. आपल्याकडचे टेलर जॉर्जेट किंवा साटन मशीनखालून सरळ जात नसलं की खाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवतात, शिवतात आणि फाडून टाकतात, ती युक्ती हीच. वारासिवनीच्या हातमागावरच्या रेशमी कापडाचे तुकडे गोधडीत घालायचे असतील तर या युक्तीला पर्याय नाही. ते हातातून निसटतं, आणि कापलेल्या कडेने त्याचे धागे सुटायला लागतात.

कागदावरची शिवण याच नावाखाली दुसरं एक काम चालतं, ते इथेच बाजूला काढून ठेवू, नाहीतर सगळा सल्ला उलटापालटा होईल. षटकोनी तुकडे कागदाच्या साच्यावर दुमडून, कच्च्या टाक्याने धरून, मग हाताने कडेला कड जोडायची ही इंग्रजी पद्धत. त्यात पक्की शिवण कागदातून जातच नाही, कड धारदार दुमडावी एवढ्यासाठीच कागद असतो. तिथे जाड आणि ताठच कागद हवा, आणि जुन्या लग्नपत्रिकेसारखी वस्तू त्याला दुसरी नाही (गणपतीचं चित्र असलेला भाग आपल्याकडे कुणी कापत नाही, तेवढा सोडून). ही पद्धत जुनी आहे. ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ सालची तारीख शिवलेली एक रेशमी चादर आहे, तिच्यात तेव्हाचे कागदी साचे अजून तसेच आहेत. उलट अमेरिकेत महामंदीच्या काळात बायका चिंध्यांच्या अरुंद पट्ट्या वर्तमानपत्राच्या आणि जुन्या कॅटलॉगच्या पानांवर शिवत, ते आपल्या कामाचं उदाहरण. कागद फुकटचा म्हणून घेतलेला असे, पण योगायोगाने या कामाला तोच सर्वांत लायक होता. योगायोग का म्हणायचा, ते पुढे.

कागद म्हणजे तंतूंचं जाळं. तो फाटतो तेव्हा दोन गोष्टी घडतात, काही तंतू तुटतात आणि काही शेजारच्या तंतूंतून ओढून बाहेर निघतात. तंतू लांब असले की ओढून काढायला जोर लागतो, म्हणून लांब तंतूंचा कागद फाडायला चिवट. सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा तंतू सर्वांत लांब, बांबूचा त्याच्या खालोखाल, उसाच्या चिपाडाचा आणि गव्हाच्या काडाचा आखूड, आणि रद्दीपासून पुन्हा बनवलेल्या कागदात तर तंतू आधीच झिजून तुटलेला. बालाघाटच्या जंगलात राहून बांबूचा चिवटपणा वेगळा सांगायला नको. कागदातही तो उतरतो. वर्तमानपत्राचा कागद याच्या दुसऱ्या टोकाला. आपल्याच मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या कारखान्यात, जो १९५६ साली नेहरूंच्या हस्ते देशाला अर्पण झाला आणि जो भारतातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना, तिथे सालईचं लाकूड यंत्राने भरडून लगदा करत आणि कागदाला थोडा जोर यावा म्हणून त्यात बांबूचा लगदा मिसळत. भरडलेल्या लगद्यात तंतू तुटके, शिवाय लाकडातलं लिग्निन त्यातच राहतं. म्हणून हा कागद उन्हात पिवळा पडतो आणि हातात पटकन फाटतो. छापखान्याला हा दोष, आपल्याला गुण.

आणखी एक गोष्ट घरबसल्या पाहण्यासारखी आहे. वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि वरून खाली फाडा. फाटण्याची रेघ बहुधा पट्टी लावल्यासारखी सरळ येईल. आता तेच पान आडवं फाडा. रेघ लगेच वाकडी जाईल, दातेरी होईल, मध्येच खाली घसरेल. यंत्रावर कागद बनताना तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने लोळतात, त्या दिशेला फाडलं की वाट मोकळी आणि आडवं फाडलं की प्रत्येक तंतू आडवा. कापडाला ताणा-बाणा असतो तशी कागदालाही वीण असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. लांब शिवणी कागदाच्या विणीला समांतर येतील असं आखलंत तर फाडायचं निम्मं काम कागदच करतो. पट्ट्या कर्णावर तिरप्या लावायच्या असल्या तर हा फायदा मिळत नाही, तिथे सगळा भार टाक्यांच्या भोकांवर.

वजनाचं गणितही करून टाकू. कागदाच्या पुडक्यावर जीएसएम म्हणून आकडा असतो, तो एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये सांगतो. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचा एक कागद पाच ग्रॅमचा, आणि ५०० कागदांचं रीम अडीच किलोचं. पुडक्यावर आकडा नसेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर १६ कागद ठेवा, ग्रॅममध्ये येईल तोच जीएसएम. वर्तमानपत्र साधारण ४५च्या आसपास भरतं, झेरॉक्सचा कागद ७० ते ८०, ड्रॉइंगचा शंभराच्या वर. आता ६० बाय ९० इंचांची गोधडी, १० इंचांचे चौकोन, म्हणजे ५४ चौकोन. मायेसकट प्रत्येक साडेदहा इंचांचा धरला तर वर्तमानपत्री कागद सगळा मिळून पावणेदोनशे ग्रॅमच्या आत येतो आणि ८० जीएसएमचा तीनशेच्या थोडा वर जातो. हा फरक खिशाला जाणवत नाही. हाताला जाणवतो. तिरप्या पट्ट्यांच्या चौकोनात सात-आठ शिवणी धरल्या तरी ५४ चौकोनांत चारशेच्या आसपास शिवणी, आणि प्रत्येक शिवणीवर कागद दोन्ही बाजूंनी सोडवायचा. शिवण्याइतकाच वेळ फाडण्यात जातो, तिथे चिवट कागद म्हणजे रोज संध्याकाळी दुखणारा अंगठा.

पण हलका तो सोपा, असं सरळ समीकरण मांडू नका. ट्रेसिंग पेपरचं पाहा. तो बनवताना लगदा इतका कुटतात की तंतू एकमेकांना चिकटून काचेसारखे पारदर्शक होतात. असा कागद ओढायला मजबूत, पण एकदा चीर पडली की करकर फाटत जातो. भोकांच्या रेघेवर तर तो पोस्टाच्या तिकिटासारखा सुटतो. शिवाय पलीकडची पट्टी दिसते, म्हणजे पट्टी कुठे ठेवायची हा नवशिक्यांचा मोठा घोळ मिटतो. मग सगळ्यांनी तोच का घेऊ नये? कारण तो हवेतली ओल पितो आणि फुगतो. मे महिन्यात साडेदहा इंच आखलेला चौकोन बालाघाटच्या श्रावणात तेवढाच राहील याची खात्री नाही, आणि इस्त्री फिरवली की कडेने गुंडाळायला लागतो. उन्हाळ्यात-हिवाळ्यात बेलाशक वापरा, पावसाळ्यात नको. बटर पेपर म्हणून मागाल तर आधी कुठल्या दुकानात उभे आहात ते पाहा. स्टेशनरीवाल्याकडचा बटर पेपर हा ट्रेसिंगचा धाकटा भाऊ, कामाचा आहे. केकचं सामान विकणाऱ्याकडचा बटर पेपर सिलिकॉन लावलेला, त्यावर पेन्सिल उमटत नाही आणि कापड घसरतं. पतंगाचा कागद पातळ आणि छान फाटणारा, पण रंगीत अजिबात घेऊ नका, ओला झाला की रंग सोडतो. पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद मात्र विसरा, त्याच्यातला लांब तंतू तुमच्याशी शेवटपर्यंत भांडेल. आणि मुलांची रफ वही? तिचा कागद स्वस्त, हलका, बहुधा रद्दीपासूनचा आणि फारशी खळ न लावलेला. छोट्या चौकोनांना यापेक्षा चांगलं काही भरवेलीत शोधत बसू नका.

झेरॉक्सच्या कागदाबद्दल थोडं जास्त लिहिणं भाग आहे, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडतात. तो लेसरच्या गरम रुळातून सुरकुती न पडता जावा म्हणून बनवलेला असतो. त्यासाठी त्याला स्टार्चची खळ असते, आणि पांढरा दिसावा म्हणून त्यात खडूची पूड भरलेली असते. खळ कागदाला फाटू देत नाही. खडू सुईची धार खातो. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही हा नियम प्रत्येक शिवणकाम करणारीला पाठ असतो, पण सुईच्या बाबतीत तो कुणी पाळत नाही. झेरॉक्सच्या कागदावर दोन-तीन दिवस शिवलेल्या सुईने मग पातळ मलमल शिवायला घेतली तर धागे ओढले जातात आणि दोष मशीनला दिला जातो. तरीही हा कागद बाद करावा असं नाही. छापलेला नमुना हवा असेल, तुकडे बारीक आणि टोकदार असतील, तर त्याचा ताठपणा उपयोगी पडतो. तेव्हा मिळेल त्यातला सर्वांत हलका घ्या, आणि टाका बारीक करा.

टाक्याच्या लांबीकडे कागद निवडण्याचाच भाग म्हणून पाहावं. प्रत्येक टाका म्हणजे कागदाला एक भोक. नेहमीच्या अडीच मिलिमीटरच्या टाक्याने इंचाला दहा भोकं पडतात, दीड मिलिमीटरच्या टाक्याने सतरा. दहा इंचांच्या शिवणीत शंभर आणि एकशे सत्तर, एवढा फरक. सुईही एक नंबर जाड घ्या, १४ची सवय असेल तर १६ची, म्हणजे भोक मोठं पडेल. बारीक टाक्याचा दुसरा फायदा असा की कागद ओढताना शिवण सैल होत नाही. मोठा टाका असेल तर कागदाबरोबर धागाही ओढला जातो आणि उलटून पाहिलं की शिवणीत फटी दिसतात. उलट बाजूही सांगायला हवी. दीड मिलिमीटरचा टाका उसवणं म्हणजे शिक्षा आहे, आणि उसवताना कागद भोकांवर तुटतोच. तसं झालं तर खालून रफ कागदाचा तुकडा लावून पुन्हा शिवा. सेलोटेप लावू नका, इस्त्रीखाली ती वितळून कापडाला चिकटते. आणि दीडच्याही खाली जाऊ नका, कारण मग हलका कागद शिवतानाच सुटतो, विशेषतः जिथे दोन-तीन शिवणी एकमेकींना ओलांडतात तिथे.

एवढं सगळं वाचूनही कोणता कागद हे तुमच्या मशीनवर, तुमच्या कापडावरच ठरवायला हवं, आणि त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत नाही. हाताशी असतील ते तीन-चार कागद घ्या आणि प्रत्येकावर एकाच कापडाच्या दोन पट्ट्या, सारख्याच टाक्याने, विणीच्या दिशेने एक शिवण आणि तिला काटकोनात दुसरी, अशा शिवा. आधी कागद हातात धरून दोनदा दुमडा आणि उघडा, प्रत्यक्ष कामात माया कापताना तो तसा दुमडला जाणारच आहे. इथेच जो भोकांवर सुटला तो बाद. मग शिवणीवर अंगठ्याचं नख टेकवून कागद बाजूला ओढा. पाहायचं ते इतकंच. एका झटक्यात निघाला की तुकड्या-तुकड्याने, टाक्यांखाली मिशांसारखे धागे राहिले का, आणि कापड उघडून ताणलं तर शिवणीत उजेड दिसतो का. शेवटी इस्त्री फिरवा आणि पांढऱ्या कापडावर काही उतरलं का ते खिडकीशी नेऊन बघा. या परीक्षेत महागडा कागद अनेकदा नापास होतो. ऑनलाइन जो खास फाउंडेशन पेपर म्हणून विकतात त्यातही जादू नाही, तो हलका असतो आणि खळ कमी असते. पैसे द्यायला हरकत नाही, पण कशाचे देतो आहोत ते माहीत असावं.

आता शाईचा आक्षेप, आणि तो खरा आहे. वर्तमानपत्राची शाई तेलकट असते, ती पूर्ण वाळत नाही, कागदात मुरून राहते. सकाळचा पेपर वाचून झाल्यावर बोटं काळी होतात ती त्यामुळेच, आणि इस्त्रीची उष्णता लागली की ती पांढऱ्या कापडावर उतरते. म्हणून मी वर्तमानपत्राची शिफारस करताना अट घालतो. गडद रंगांच्या पट्ट्या असतील, किंवा गोधडीच्या आत जाणारी बाजू असेल, तर महिना-दोन महिने जुनं, शाई बसलेलं वर्तमानपत्र घ्या, मोठी छायाचित्रं आणि पानभर जाहिराती टाळून. पांढऱ्या, पिवळ्या, फिक्या कापडाला छापील कागद नकोच. तिथे कोरा वर्तमानपत्री कागद बघा. छापखान्यात रिळाच्या शेवटी उरलेला कोरा कागद असतो, आणि परीक्षेच्या रफ कामासाठी मिळणारे मातकट रंगाचे कोरे ताव बहुधा त्याच जातीचे असतात. शाईचा प्रश्न वर्तमानपत्रापुरता नाही, हेही लक्षात असू द्या. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेनेच कागदावर चिकटवलेली असते, गरम इस्त्री थेट तिच्यावर टेकवली तर ती पुन्हा मऊ होते. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याने पसरते. तेव्हा आखणी शक्यतो पेन्सिलीने, इस्त्री कापडाच्या बाजूने, आणि वाफेशिवाय.

मापाचा आक्षेपही ऐकू येतो. वर्तमानपत्रावर नमुना छापता येत नाही, मग अचूकपणा कसा येणार? तर ए-फोर कागद फक्त २१० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे सव्वाआठ इंच. त्यावर मायेसकट दहा इंचांचा चौकोन बसतच नाही, दोन कागद जोडावे लागतात आणि जोडावर जाडी दुप्पट होते. वर्तमानपत्राच्या पानावर तो अख्खा बसतो. शिवाय झेरॉक्स यंत्र दर वेळी तंतोतंत मापाची प्रत देतं असं नाही. शंभराला एक इतका जरी फरक पडला तरी दहा इंचांत तो एक दशांश इंच होतो, आणि सहा चौकोनांच्या ओळीत अर्ध्या इंचाच्या पुढे जातो. सगळ्या प्रती एकाच मूळ कागदावरून, एकाच यंत्रावर, एकाच बैठकीत काढा, आणि कोपऱ्यात एक इंचाची रेघ छापून प्रत्येक प्रतीवर पट्टी लावून बघा. सरळ पट्ट्यांच्या चौकोनाला मात्र छपाई लागतच नाही. पुठ्ठ्याचा एक अचूक चौकोन कापून ठेवा आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवा.

अनुभवी हातांकडून येणारा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फाडण्याची कटकटच नको, जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा खाली घ्या आणि आतच राहू द्या. याला माझं उत्तर नाही असं नाही, पण विरोधही नाही. थंडीसाठी जाड गोधडी करायची असेल, तर हा मार्ग कागदापेक्षा चांगला. आपल्या परंपरेत कापड फाडून फेकणं कधी नव्हतंच, एक थर वाढला तर ऊब वाढते. पण वरून हाताने बारीक टाका घालायचा असेल, किंवा पावसाळ्यात अंगावर घ्यायला हलकी दुलई हवी असेल, तर तो जादा थर बोटांना आणि वजनाला नडतो. ज्यांना वाटतं की मग कागदच आत राहू दे, त्यांना मात्र ठाम नकार. घरी वापरायची गोधडी धुतली जाते, आतला कागद लगदा होऊन कोपऱ्यात गोळा होतो, वाळल्यावर गाठी होतात. आणि खळ लावलेला कागद म्हणजे कसर आणि वाळवीला आमंत्रण. संग्रहालयातल्या चादरीला कुणी बादलीत बुडवत नाही.

राहता राहिलं फाडण्याची वेळ. चौकोन तयार झाला की लगेच कागद काढावासा वाटतो, तो मोह आवरा. तिरप्या पट्ट्यांच्या चौकोनाच्या चारही कडा उरेब असतात. कागद निघाला की त्या ताणल्या जाणार, म्हणजे ज्या कारणासाठी कागद घेतला तेच वाया. चौकोन एकमेकांना जोडून होईपर्यंत कागद राहू द्या, फक्त कडेच्या मायेतली अरुंद पट्टी, जी शिवणीत अडकून पडते, ती जोड झाला की ताबडतोब काढा. जिथे चार चौकोन एका बिंदूत मिळतात तिथे कागदाचे कोपरे टाक्यांखाली चिमटून बसलेले असतात. तिथे ओल्या फडक्याने शिवणीवर हलकं पुसा आणि मिनिटभर थांबा. ओला कागद आपला जवळजवळ सगळा जोर गमावतो आणि चिमट्याने निघून येतो. मात्र ही युक्ती फक्त कोऱ्या कागदाला, छापील कागदाला आणि कच्च्या रंगाच्या कापडाला नाही. फाडताना डाव्या हाताचा अंगठा शिवणीवर दाबून ठेवा आणि कागद टाक्याकडे ओढा, टाक्यापासून दूर नको. काम संपल्यावर बॉबिनचं झाकण काढून आत पाहा. कागदाचा भुसा तिथे साचलेला असतो, तो ब्रशने झाडून काढा आणि मगच तेल घाला. तेलात भिजलेला भुसा मशीन जाम करतो.